न सापडलेला रफू

मावशींना कुणी बसमध्ये उठून जागा दिली, तर त्या आधी सीटकडे बघत. काहीतरी सांडलेलं असणार. शेजारीण हसून "आज छान दिसताय हो" म्हणाली, की मावशींच्या मनात लगेच येई, हिला आता काय उसनं हवंय? आणि दुकानाच्या मालकांनी एकदा आपणहून त्यांच्या टेबलावर नवा दिवा बसवून दिला, तेव्हा तर त्यांची झोपच उडाली. दिवा कशाला? म्हणजे आपले डोळे गेले असं यांना वाटतंय. म्हणजे आता काढून टाकणार. त्या गोष्टीला पुष्कळ काळ लोटला, दिव्यातला बल्बही बदलून झाला, मावशी होत्या तिथेच होत्या. पण संशय काही गेला नाही.

अशा माणसाला लोक खडूस म्हणून मोकळे होतात. मावशी खडूस नव्हत्या. त्यांचं म्हणणं एवढंच, की आपल्याला कुणी उगाच काही द्यावं, इतक्या आपण कोण लागून गेलो? तेव्हा जे मिळतंय, त्यामागे काहीतरी असणारच. संशय घेत त्या जगावर, पण त्याचं मूळ होतं स्वतःबद्दलच्या या मतात. हे त्यांच्या लक्षात यायला बरीच वर्षं जावी लागली, आणि एक कोट यावा लागला.

मावशी रफू करत. ड्रायक्लीनिंगचं दुकान होतं. पुढे काउंटर, मध्ये वाफेने सतत ओलसर झालेली इस्त्रीची खोली आणि अगदी मागे खिडकीजवळ मावशींचं टेबल. कपड्याला पडलेलं भोक, जळालेला डाग, कसरीने खाल्लेली जागा त्यांच्याकडे येई. त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागे ओढून काढायचे, आणि ते भोकावर आधी उभे, मग आडवे, एकाखालून एकावरून नेत कापडच नव्याने विणायचं. काम जितकं चांगलं, तितकं ते दिसत नाही. म्हणून दुकानात एक पद्धत होती. कपडा घेतानाच मालक भोकाभोवती लाल दोऱ्याचे टाके घालत, आणि ती खूण गिऱ्हाइकाने काम बघेपर्यंत काढायची नाही. नाहीतर दाखवणार काय?

मावशी "सॉरी हं" शिवाय वाक्य सुरू करत नसत. सॉरी हं, जरा कात्री देता का. सॉरी हं, चहा आलाय. त्यांच्या पायावर कुणी पाय दिला तरी आधी सॉरी मावशींचंच. मालक म्हणायचे, "मावशींच्या बोटात सुई गेली ना, तर त्या सुईची माफी मागतील." सगळे हसत. मावशीही हसत, आणि मग घरी जाताना विचार करत, की हे माझ्या तोंडावर का बोलले असतील?

घरी नणंद होती. मावशींचे यजमान गेल्यापासून दोघी दोन खोल्यांत राहत. वन्सं नोकरीतून निवृत्त झाल्या होत्या आणि आता मोक्षाच्या मागे हात धुऊन लागल्या होत्या. औषधांच्या दुकानावरच्या खोलीत दर रविवारी सकाळी ध्यानाचा वर्ग भरे, तिथे त्या मावशींना ओढून नेत. शिकवणाऱ्या ताई शांत आवाजाच्या, पांढऱ्या कपड्यांतल्या. दाराबाहेर त्यांचा हसरा फोटो असलेला मोठा फलक. आत त्या सांगत, "श्वास सोडताना म्हणा, मी कोणी नाही." मावशींना फोटो आणि वाक्य यांचा मेळ काही बसत नसे. पण डोळे मिटून त्या म्हणत. त्यांना ते सोपंच जाई.

इतकं सोपं, की एकदा ताईंनी सगळ्यांसमोर सांगितलं, "यांच्याकडे बघा. यांच्यात अहंकार उरलेलाच नाही." वन्संचा चेहरा पडला, इतकी वर्षं घाम त्या गाळत होत्या. मावशींच्या डोक्यात मात्र वेगळंच चाललं होतं. ही बाई आपल्याला का चढवतेय? पुढच्याच रविवारी ताईंनी बसायच्या गाद्यांच्या फाटक्या खोळी त्यांच्याकडे दुरुस्तीला दिल्या. मावशींना फार बरं वाटलं. कारण कळलं, की त्यांच्या जिवाला स्वस्थता मिळे.

मग तो कोट आला. राखाडी, लोकरी, उजव्या बाहीवर कोपराजवळ सिगारेटने जळून पडलेलं भोक. कोट गावातल्या मोठ्या हॉटेलच्या व्यवस्थापकांचा. त्या हॉटेलचे पडदे, चादरी, गणवेश सगळं याच दुकानात धुतलं जाई, त्यामुळे साहेब दारात दिसले की मालक आपोआप उभे राहत. मावशींनी अस्तर उसवलं, आतून धागे काढले आणि काम सुरू केलं. ते काम कसं झालं, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. हात चालत राहिले. शेवटी अस्तर परत शिवून त्यांनी बाही उजेडात धरली, तर लाल दोऱ्याच्या चौकटीत नुसतं कापड होतं. जणू तिथे कधी काही झालंच नव्हतं.

आणि मावशींना, आयुष्यात पहिल्यांदा, आपलं काम आवडलं. नुसतं बरं नाही वाटलं, आवडलं. त्या देखण्या बाहीवर तो लाल दोरा त्यांच्या डोळ्यांना खुपायला लागला. कुठलाही विचार न करता त्यांनी तो ओढून काढला.

शनिवारी साहेब कोट न्यायला आले. बाही उलटसुलट करून बघितली, चष्मा लावून बघितली, आणि कोट काउंटरवर टाकला. "हा माझा कोट नाही."

मालकांचा चेहरा उतरला. साहेबांचं म्हणणं सरळ होतं. हॉटेलातल्या वरच्या सगळ्या माणसांचे कोट एकाच शिंप्याकडचे, एकाच कापडाचे. तेही इथेच येतात, आणि नंबराची चिठ्ठी काय, कुठल्याही कोटाला लावता येते. "तुमच्या बाईंनी माझा कोट बिघडवला, आणि दुसऱ्या कुणाचा तरी माझ्या गळ्यात मारताय. तसं नसेल तर दाखवा रफू कुठे आहे."

मावशींना पुढे बोलावलं. त्यांनी भिंग घेतलं आणि कोपराजवळचं कापड बोटभर बोटभर तपासलं. रफू सापडेना. भोक नेमकं कुठे होतं? शिवणीपासून किती लांब? ज्याने ते सांगितलं असतं, तो लाल दोरा त्यांनीच काढला होता.  "सॉरी हं," त्या पुटपुटल्या, "अस्तर उसवून आतून बघू का?"

"म्हणजे हाही कोट फाडणार?" साहेब म्हणाले. "कोणी हात लावायचा नाही. सोमवारी येतो. तोवर खरं काय ते ठरवा. नाहीतर आमचे कपडे धुणारी दुकानं गावात पुष्कळ आहेत."

ते गेल्यावर मालकांनी आवाज खाली आणला. "मावशी, झालं गेलं सोडा. सोमवारी म्हणून टाका, चुकून अदलाबदल झाली. मी नवा कोट शिवून देतो त्यांना. तुमचं एक सॉरी, विषय संपला. तुम्हाला काय, सवयच आहे."

मालकांनी ते चेष्टेत म्हटलं, पण मावशी हसल्या नाहीत. त्यांचा सगळा संशय आता उलटा फिरला होता. केला होता ना आपण रफू? की दुसऱ्याच कोटाचा केला? ढिगातून भलताच कोट तर हातात आला नव्हता? हयातभर ज्या बाईने कुणाच्या हसण्यावर विश्वास ठेवला नाही, ती स्वतःच्या हातांवर कुठून ठेवणार? आणि शिवाय, मनाच्या तळाशी, एक जुना आवाज होताच: बघ, एकदा स्वतःचं कौतुक वाटलं, लगेच थोबाडीत बसली.

वन्संनी तर निकालच दिला. "वहिनी, हा अहंकार झाला. दोरा काढलात तिथेच चुकलं. माफी मागा आणि मोकळ्या व्हा."

"न केलेल्या गोष्टीची?"

"माफीला काय गोष्ट लागते?"

रविवारी वर्ग संपल्यावर मावशी मागे थांबल्या. ताईंना सगळं सांगितलं. सांगतानाही त्या ताईंच्या चेहऱ्यावर नजर ठेवून होत्या. ही आता काहीतरी गोड बोलणार आणि पुन्हा खोळी देणार. तरी शेवटी धीर करून त्यांनी विचारलं, "ताई, तुम्ही म्हणता, 'मी' सोडा. पण सोडायला आधी ते हातात असावं लागतं ना? माझ्याकडे कधी होतंच नाही. मी काय सोडत होते इतके दिवस?"

 ताई म्हणाल्या, "मला माहीत नाही. मी तुम्हाला नम्र समजत होते."

मावशींनी वर पाहिलं. या वाक्यामागे काय दडलंय, ते त्यांना शोधूनही सापडेना.

"एक सांगा," ताई म्हणाल्या. "काम तुम्ही केलं होतं का?"

"केलं होतं."

"मग हे सांगताना आवाज का उतरला तुमचा?"

 मावशी तिथेच खोळ घातलेल्या गादीवर पुन्हा बसल्या आणि डोळे मिटले. मी कोणी नाही, असं मात्र म्हटलं नाही. नुसत्या बसून राहिल्या. हळूहळू तो कोट हातात आल्यासारखा झाला. जळक्या काठाचा खरखरीतपणा. मध्येच एक धागा तुटला होता, तेव्हा त्या स्वतःशीच चिडल्या होत्या. अस्तराच्या शिवणीत कुठल्यातरी पावडरीचा वास होता. हे सगळं दुसऱ्या कुणाला दाखवता येण्यासारखं नव्हतं. साक्षीदार एकच, तोही आजवर कुणी जमेस न धरलेला. त्यांना एकाएकी रडू आलं. दुःखाचं नव्हतं ते. इतकी वर्षं एका खऱ्या माणसाला आपण खोटं ठरवत आलो, याची ती लाज होती.

आता एका रविवारी माणूस आमूलाग्र बदलतो, असं मी सांगायला लागलो तर माझ्यावरही संशय घ्यावा. मावशी बदलल्या नव्हत्या. सोमवारी सकाळी त्या दुकानात सगळ्यांच्या आधी पोचल्या, हँगरवरचा कोट खाली घेतला आणि कात्री उचलली. चार टाके उसवले की आतली बाजू दिसेल. धाग्यांची टोकं तिथे असतील. बघायचं, परत शिवायचं, कुणाला कळणारही नाही. कात्रीचं टोक अस्तराच्या शिवणीला लागलंही. आणि मग मावशींना आपलाच राग आला, चांगला सणसणीत. माझ्यावर माझा विश्वास बसावा म्हणून माझंच काम मी उसवायचं? त्यांनी कोट होता तसा परत टांगला. 

साहेब आले. मालकांनी मावशींना डोळ्यांनी खूण केली. मावशी काउंटरपाशी आल्या. 'सॉरी हं' ओठांपर्यंत आलंच होतं. तोंड सवयीने उघडलं होतं. त्यांनी ते मिटलं आणि पुन्हा उघडलं.

"खुणेचा दोरा तुम्ही बघायच्या आधी काढला, ही चूक माझी. तिची माफी मागते. पण कोट हाच तुमचा. रफू मी केलाय."

"कुठे आहे?"

"मला सापडत नाही."

मालकांनी डोक्याला हात लावला. साहेब हसले, पण ते हसणं काही चांगलं नव्हतं. "मग मी विश्वास का ठेवायचा?"

"नका ठेवू," मावशी म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांनी कात्री काउंटरवरून त्यांच्याकडे सरकवली. "अस्तर उसवून बघायचं तर तुम्ही बघा, तुमचा कोट आहे. मी केलेलं मी उसवणार नाही."

साहेबांनी कात्री उचलली. कोट पुढे ओढला, बाही धरली. रस्त्यावरून एक गाडी कर्कश भोंगा वाजवत गेली. साहेबांनी बाहीवरून अंगठा फिरवला, मग कात्रीकडे बघितलं, मग मावशींकडे. दुसऱ्याचा कोट उसवताना माणूस इतका विचार करत नाही. शेवटी त्यांनी कात्री ठेवली, कोट हातावर टाकला आणि निघून गेले. हॉटेलचे कपडे आता येणार की नाही, हे सांगितलं नाही.

मावशी आपल्या जागी परत गेल्या. मग मालकही मागे आले, त्यांच्या टेबलापाशी. इकडेतिकडे बघून, अगदी घरच्या माणसासारखं हळूच विचारलं, "मावशी, आता मला तरी खरं सांगा. तोच कोट होता ना?"

ते मावशींना लागलं. साहेबांचं नव्हतं लागलं इतकं. याच माणसाने स्वतःच्या हाताने त्या भोकाभोवती दोरा घातला होता, आणि इतकी वर्षं त्यांचं काम बघितलं होतं. एरवी त्यांनी गळ्याची शपथ घेतली असती, धागा कसा तुटला ते सांगितलं असतं, पावडरीचा वास सांगितला असता, आणि एवढं करूनही शेवटी माफीच मागितली असती.

"हो," मावशी म्हणाल्या.

मालक पुढच्या वाक्याची वाट बघत थांबले. ते आलं नाही. थोड्या वेळाने ते आपले आपण काउंटरवर परत गेले.