चौथी काच

डॉ. विमल सोनवणे यांची आणि माझी ओळख भांडणातून झाली. साठचे दशक सरत आले होते. सुरतेच्या ज्या इस्पितळात मी थुंकी तपासण्याचे काम करीत असे, तिथे बाई नुकत्याच रुजू झाल्या होत्या. बाईंच्या साठीनिमित्तच्या या गौरवग्रंथात गोड लिहा, असे संपादकांनी बजावले आहे. मला ते जमणार नाही.

उत्तरायण, म्हणजे संक्रांतीचा पतंगांचा सण, होऊन दोन आठवडे झाले असतील. बमरोलीचा सुपडू पाटील, मागावर काम करणारा खानदेशी कामगार, तापाने फणफणून आला. डोके ठणकत होते, खोकला कोरडा, एक्स-रेत फुप्फुसावर डाग. आमच्या मोठ्या डॉक्टरांनी त्याला हातही न लावता केसपेपरवर क्षय लिहिला. गिरणीतला खानदेशी आणि खोकला, एवढे त्यांना पुरे असे. मी तीन दिवस त्याच्या थुंकीच्या तीन काचा सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या. एकीतही जंतू नव्हते. "चौथी बघ, सापडेल," ते म्हणाले. आणि मी, त्याच खानदेशातला माणूस, मान डोलावून चौथी काच घेऊन बसलो. याचा मला अजून राग येतो, आणि तो आधी माझाच येतो. तोवर गिरणीला बातमी पोचली होती. सुपडूचे नाव कमी होणार होते आणि गिरणीची खोलीही जाणार होती.

"तीनदा नाही म्हणणाऱ्या काचेला आणखी काय विचारताय?" बाई दारातूनच म्हणाल्या. "माणसाला विचारलंत का काही?"

"साहेबांनी सांगितलंय," मीही आवाज चढवला.

त्या मला घेऊनच वॉर्डात गेल्या. खाटेपाशी बसून नाडी मोजली; एवढ्या तापाच्या मानाने ती संथ होती. मग घरात काय काय घडले ते त्यांनी सुपडूच्या बायकोला विचारले.

"मांजाघाई पंख कापायेल कबुतर यास्नी घर आनं," ती अहिराणीत म्हणाली. "ते दाना टिपे ना, मंग ह्या डाय चावीसन आपला तोंडघाई त्याले भरेत."

सुरतेत उत्तरायणाला जखमी पाखरू घरी नेणारे पुष्कळ. डाळ चावून आपल्या तोंडाने त्याच्या चोचीत भरवणारा सुपडूच. पक्ष्यांपासून माणसाला लागणारा सिटॅकोसिस नावाचा फुप्फुसाचा आजार असतो, हे मी त्या दिवशी प्रथम ऐकले. बाईंनी क्षयाची औषधे थांबवून टेट्रासायक्लिन सुरू केले आणि रक्त तपासणीसाठी मुंबईला पाठवले. "कबुतरांच्या डॉक्टर आल्या," असे मोठे डॉक्टर वॉर्डभर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले. चौथ्या दिवशी सुपडू भाकरी मागू लागला. रक्ताचा निकाल फार उशिरा आला. तो बाईंच्याच बाजूचा होता.

निकालाची वाट न पाहता बाई गिरणीत गेल्या. मॅनेजर म्हणाला, "बेन, चोपडामां टीबी लख्युं छे."

"चोपडो खोटो छे. मारी सामे सुधारो," बाई म्हणाल्या, आणि मॅनेजरने वहीतला 'टीबी' हा शब्द खोडेपर्यंत खुर्चीवरून उठल्या नाहीत. परतताना सुपडूच्या घरी थांबून कबुतराची विष्ठा ओली करून, तोंडाला फडके बांधून कशी काढायची, तेही त्यांनी शिकवले. पाखराला हाकला, असे त्या एकदाही म्हणाल्या नाहीत.

केसपेपरवर 'घरी पक्षी आहेत का?' एवढी ओळ छापावी म्हणून बाईंनी अर्जांमागून अर्ज केले. कुणी उत्तर दिले नाही. निवृत्त होईपर्यंत त्या ती ओळ हाताने लिहीत राहिल्या. आता थुंकीच्या कागदांवर ती मी लिहितो. तेव्हा हसलेले मोठे डॉक्टर आज बाईंच्या गौरव समितीचे अध्यक्ष आहेत.

बाईंना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, ही मनापासूनची इच्छा. आणि त्यांच्या खांद्यावर शाल घालायला जे उभे राहतील, त्यांनी आधी ती एक ओळ छापून आणावी.