बिबिजानचा डबा परत आला

जुन्नरच्या बिबिजानचा एसटीवर जेवढा भरवसा, तेवढा सरकारवर कधीच नव्हता. धाकटा दानियाल पुण्यात शिकायला होता तेव्हा त्याचा डबा ती ड्रायव्हरच्या हाती द्यायची आणि तो बिनबोभाट पोचायचा. आता दानियाल हॉलंडला नोकरीला गेला होता. थोरला सलीम येडगावजवळच्या द्राक्षांच्या पॅकहाउसवर होता आणि तिथले कंटेनर थेट हॉलंडलाच जायचे. मग अडचण ती कसली?

अडचण सलीमला ठाऊक होती. पॅकहाउसला कस्टमने 'विश्वासू' ठरवलं होतं. इथं सलीमने सील मारलं की तिकडचे साहेब सहसा दार उघडत नसत, तसा देशादेशांत करारच होता. त्या सीलचा सलीमला कोण तोरा! कामावरच्या चिमाबाईची भाकरीसुद्धा तो फडकं सोडून तपासायचा. एकदा तो ती तपासण्यात गुंतला असताना बिबिजानने दानियालसाठी लोणच्याचा डबा हमाल रुपेशकडे दिला, आणि त्याने तो गुपचूप कंटेनरमधल्या पेट्यांच्या आड ठेवला.

चुकूनमाकून एखादा कंटेनर तिकडे तपासणीच्या मशीनखालून जायचा, त्यात नेमका हाच निघाला. दोन्ही देशांची खाती कामाला लागली. 'तेलकट, लाल, ओळख न पटलेला पदार्थ' असा शेरा आला आणि पाठोपाठ चौकशीला इथल्या कस्टमचे साहेब आले. सलीमची नोकरी जाणार, हे बिबिजानच्या कानावर आलं. तिने तडक साहेबांपुढे जाऊन डबा आपला, पोराला काही ठाऊक नव्हतं, असं सांगून टाकलं.

नोकरी राहिली. सीलचं काम मात्र सलीमकडून काढून रुपेशला दिलं, कारण त्याच्याविरुद्ध कागदोपत्री काहीच नव्हतं. मग देशादेशांतल्या सहकार्याचं तोंडभरून कौतुक करत साहेबांनी डबा परत केला. लोणचं तिकडेच नष्ट केलं होतं. डबा घासूनपुसून लख्ख होता.

बिबिजानने झाकण उघडून आत पाहिलं.

"साहेब, दोन देश एका जागी बसलं, आन् रिकामा डबा परत देऊ नाय, येवढं एकालाबी ठावं न्हाई?"

साहेब ओशाळले. त्यांनी समोरच्या पेटीतला द्राक्षांचा घड उचलून स्वतःच्या हाताने डब्यात ठेवला.

फाटकावर रुपेशने डबा उघडायला लावला.

"चाची, राग मानू नका, माल भाइर न्यायचा न्हाई," म्हणत त्याने घड काढून घेतला.

बिबिजान एसटीची वाट बघत उभी राहिली. ड्रायव्हर ओळखीचाच निघाला. कुणाला काय पोचवायचंय, असं त्याने सवयीने विचारलं, तेव्हा तिने रिकामा डबा पदराआड घेतला.