अनसामावशीच्या कंबरेला माझा पाय

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. आईला तर नाहीच — तिनं तिथल्या तिथं मला खोटं पाडलं असतं, कारण मी जन्मले तेव्हा ती हजर होती! हसू नका. बरं, हसा बाई, मलाही येतंच.

दुष्काळ होता. आम्ही पुण्यातली कॉलेजची पोरं केज तालुक्यात, युसूफ वडगावच्या पुढच्या एका गावी चारा छावणीत कामाला गेलो होतो. आसपासची सगळी गुरं तिथं, आणि गुरांमागं माणसंही. आणि मी? मला पेंढी उचलवेना, शेण भरता येईना. एका म्हशीनं तर मला दाव्यासकट पाण्याच्या हौदापर्यंत ओढत नेलं, आणि अख्खी छावणी पोट धरधरून हसली. मला फार लागलं ते. म्हशीचं नाही, हसण्याचं.

पायाळू म्हणजे पायाकडून जन्मलेलं माणूस. कंबरेत उसण भरली की त्यानं पाय लावायचा, मग उसण जाते — असं तिकडं मानतात. छावणीत दिवसभर उसाच्या वाढ्यांच्या, म्हणजे शेंड्याकडच्या हिरव्या पाल्याच्या, पेंढ्या उचलून कुणाची ना कुणाची कंबर धरलेलीच असायची. गावची पायाळू होती अनसामावशी. एकटी बाई, दारात एक शेळी, पण उसण भरली की मोठमोठे लोक तिच्यापुढं पालथे पडायचे. एकदा ती लेकीकडे गेली होती, आणि एक दांडगा गडी पेंढी उचलायला वाकला तो वाकलेलाच राहिला. कुणीतरी ओरडलं, "पायाळू हाय का बे कोनी?"

मी हात वर केला.

का केला? कारण काही फार खोल नाही हो. एकदा तरी मला कुणी मानानं हाक मारावी, एवढंच. चप्पल काढली, त्याच्या कंबरेला पाय लावला, वाकून नमस्कार केला — आणि मेला सरळ उभा राहिला की! मग काय, माझी चांदीच. रोज सकाळी माझ्यापुढं रांग. कुणी भाकरी-ठेचा आणतंय, कुणी शेंगा. म्हशीवरून हसणारे आता 'पायाळूताई' म्हणत होते, आणि मी हवेत!

मावशी परत आली तर तिच्याकडं कुणी फिरकेना. मला वाटलं, आता ही माझ्या झिंज्या उपटणार. छे! तिनं माझ्यावरून हात ओवाळून कडाकडा बोटं मोडली. "बरं झालं माय, आता दोघी झालो," म्हणाली. पायाळूची स्वतःची कंबर धरली तर स्वतःचा पाय स्वतःला कसा लावणार? जन्मभर तिला दुसरी पायाळू भेटलीच नव्हती. तेव्हा तरी सांगायचं ना? मी तिनं दिलेली भाकरी खाल्ली.

यंदा, इतक्या वर्षांनी, येते म्हणून आधी कळवून पुन्हा गेले. मांजरसुंब्याला चहा घेताना कबुलीची वाक्यं जुळवत होते, गावात पोचले आणि वाक्यंबिक्यं सगळं विसरले. छावणीच्या त्या उजाड माळावर आता बायकांची दूध संस्था आहे. कॅनचा खणखणाट, गप्पा, चिडवाचिडवी! मला हार घातला, दही-धपाटे खायला घातले. आणि ऐका — मला ओढणाऱ्या म्हशीची नात आज संस्थेत सगळ्यात जास्त दूध देते. तिच्याशी माझी रीतसर ओळख करून दिली. मी इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं.

तेवढ्यात अनसामावशी आली. वाकून, लेकीच्या खांद्याचा आधार घेत. दिवाळीपासून कंबर धरलेली. लेक अंबाजोगाईच्या दवाखान्यात चल म्हणून मागं लागलेली, पण ही हलायला तयार नाही. "कावून जाऊ? माजी पायाळू येनार हाय," म्हणे.

सतरंजी अंथरली. मावशी पालथी पडली. बाया कौतुकानं गोळा झाल्या. मी तोंड उघडलं — खरंच उघडलं होतं. आणि मग चप्पल काढली.

पाय लावला. "गेली!" मावशी ओरडली, उठली, माझे हात धरून फुगडीची एक गिरकीसुद्धा घेतली. बायांनी एकच गलका केला. लेक म्हणाली, "चला, दवाखान्याची कटकट गेली." आणि मी? मी नाचत होते. मनापासून आनंदात होते, हेही सांगते. त्या दिवसाइतकी मी कितीतरी वर्षांत हसले नव्हते.

निघताना सगळा घोळका रस्त्यापर्यंत आला. गाडी वळली तशी मी मागं बघितलं. बाकीच्या परत निघाल्या होत्या. मावशी एकटीच उभी होती, एक हात मला हलवत. दुसरा कंबरेवर होता, घट्ट दाबलेला, आणि ती आली तेव्हा होती तेवढीच वाकलेली होती.

गाडी थांबवा म्हणायला कितीसा वेळ लागतो? मी डोक्याकडून जन्मले, चारचौघींसारखी — एवढंच तर सांगायचं होतं. मी काच खाली केली आणि हात हलवला.