बाभळीच्या कुंपणाले टेकवलेल्या सायकली

बायांनो, आज माह्या मळ्यात नवल झालं. मी सांगून राह्यली, नात लिहून राह्यली.

बुलढाण्याचं सायकल मंडळ देऊळघाटाकडे फेरीले निघालं होतं. सहा वकील-कारकून अन् एक मास्तरीण. भाकरी खायले इथं थांबले.

मास्तरणीनं विचारलं, "आजी, सायकल कुठं ठेवू?" म्या गोठा दाखवला. बाकीच्या शहाण्यांनी सरळ बाभळीच्या काटेरी कुंपणाले टेकवल्या! जेवून उठतात तर काट्यांनी त्यांची सारी चाकं चपटी.

"काऊन हो वकीलसाहेब, चाकंही जेवून निजली काय?"

कोणी हसलं नाही. मास्तरणीचं तर तोंडच उतरलं. दिवे लागायच्या आत घरी पोचली नाही, तर सासू सायकल बंद करनार होती. अन् मंडळाचा नियम असा, की बाईनं एकटीनं पुढं जायचं नाही.

म्या म्हटलं, "नियमवाले माह्या बैलगाडीत तुह्या मागून येतीन. तू निघ, माय."

ती निघाली. दोन चाकांवर बाई पडत काऊन नाही, हे काही मले उमगलं नाही.

आताच गाडीवान परतला. म्हणे, मास्तरीण वेळेत पोचली.

हे लिहिता लिहिता नात थांबली अन् म्हणे, "आजी, मले बी सायकल पाहिजे." बायांनो, हिच्या बापाले तुम्ही समजवता, का मीच समजवू?