पोटातल्या मानकऱ्याचं पागोटं

खोट्या राजघराण्यांच्या भानगडी लिहायची मला खोड आहे. इतिहासात अमुक घडलं असतं तर काय, असं काहीतरी रचतो आणि भावकीच्या ग्रुपवर टाकतो. भिवंडीभर पसरलेले भाऊबंद अंगठे दाखवतात. मी ते कौतुक समजतो.

यंदा चुलतभाऊ गेला. गावची होळी पेटवायचा मान त्याच्या घराचा. तेराव्याला मानाचं पागोटं त्याच्या धाकट्या भावाला बांधायचं ठरलं होतं. वहिनीला दुसरा महिना लागलाय, हे फक्त माझ्या बायकोला ठाऊक. तेरावा उरकून वहिनी अकलोलीला माहेरी जाणार होती. तिथल्या शाळेत नोकरी पक्की होती. घरात कळलं तर सोडणार नाहीत, म्हणून गुपित. बायकोने मला शपथ घालून सांगितलं. शपथ मी पाळली. कुणाशी चकार शब्द बोललो नाही. फक्त लिहिलं.

राजा वारला. धाकट्याच्या राज्याभिषेकात सुईण घुसून ओरडली, "थांबा!" तेव्हापासून अर्धा दरबार सिंहासनाला मुजरा करतो, अर्धा राणीच्या पोटाला.

ग्रुपवर टाकल्यावर दहा मिनिटांत थोरल्या काकांचा फोन. "काय रं, ही रानी कंच्या घरातली हाय?"

"कल्पना आहे हो, काका."

"तुजी कल्पना कदीपासून एवढी हुशार झाली?"

तेराव्याला धाकटा डोकं पुढे करून बसला. पागोटं पोटातल्या बाळाच्या नावाने शेजारच्या पाटावरच्या नारळाला बांधलं गेलं. काका म्हणाले, "पोर व्हईपरत सूनबाय हितनं हलाची न्हाय."

"आन पोरगी झाली तर?" कुणीतरी विचारलं.

"तवाचं तवा बगू."

संध्याकाळी वहिनीने मला ओटीवर गाठलं. "भावोजी, राणीला काय हवं होतं, ते कुठे लिहिलंय?"

मी मोबाईल काढून खरंच शोधलं. सुईणीला संवाद होता, घोड्याला नाव होतं. राणीला एक वाक्य नव्हतं.

मग पुढचा भाग लिहिला. राणी माहेरी निघून जाते, दरबार नारळाला मुजरे करत बसतो. काकांचं उत्तर आलं, "मस्त! पन असं कुटं व्हतं का?" खाली भराभर अंगठे.

वहिनीने मला एकट्याला लिहिलं, "ती काकांच्या समोरून फाटकाबाहेर कशी पडली, तेवढं लिहायचं राहिलं."

सोमवारी शाळेने वहिनीच्या जागी दुसरी बाई घेतली.