पूजेबाहेरची गोटी

आमच्या ह्यांचं गॅरेज बदनापूरला, जालना रस्त्याला लागून. पुढच्या खोलीत स्पेअर पार्टचं काउंटर आहे, ते मी सांभाळते. माझा स्वभाव जरा विचित्र आहे. एखादी वस्तू काय करते हे कळून माझं भागत नाही. ती काय करत नाही हे कळेपर्यंत मला चैन पडत नाही.

म्हणून मोबाइलवर ती गोटी दिसली आणि मी मागवूनच टाकली. गोटी म्हणजे नटावर टोपीसारखा बसवून फिरवायचा पाना. एरवी प्रत्येक नटाच्या मापाची गोटी वेगळी लागते. ही मात्र सगळ्या मापांना एकच. आत स्टीलच्या बारीक काड्या दाटीवाटीने उभ्या, प्रत्येकीखाली स्प्रिंग. नटावर दाबली की मधल्या काड्या मागे सरकतात आणि कडेच्या नटाला धरून बसतात. मी ती आधी अंगठ्यावर दाबून पाहिली, मग सुपारीवर, मग कुलपाच्या किल्लीवर. प्रत्येकाचा ठसा आत बरोबर उमटायचा. मला भारीच मौज वाटली.

ह्यांनी एकदा हातात घेतली, फिरवली आणि परत दिली. "खेळणं हाय ते. अवजार न्हाई."

मला राग आला. न वापरता एखाद्या वस्तूला नाव ठेवलेलं मला मुळीच खपत नाही. मग दुपारच्या निवांत वेळी माझं सुरू झालं. झोपाळ्याचा आकडा, नळाची चकती, कुकरच्या दांड्याचा स्क्रू, पंख्याचा कानाचा नट, जे दिसेल त्यावर गोटी. "काय करून राह्यली तू? घर खोलती का काय?" असं हे विचारायचे.

आकड्याला आणि कानाच्या नटाला तिच्यासारखी तीच. साधी गोटी तिथे बसतच नाही. पण ट्रॅक्टरच्या चाकाच्या गंजलेल्या नटावर लावून जोर केला, तर काड्या फाकल्या आणि माझी बोटं सोलून निघाली. अडचणीच्या जागी तर तिचं जाडजूड अंग शिरेच ना. ह्यांनी हळद आणून दिली, पण हसायचं काही थांबवलं नाही. मीही कबूल केलं नाही. मनात मात्र नोंद झाली, की हलकं काम असेल आणि नटाचा आकार वेडावाकडा असेल, तर हिला घ्यावं.

मग खंडेनवमी आली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे सगळी अवजारं डिझेलने धुऊन, पुसून बाकावर नव्या कापडावर मांडतात. हळदकुंकू, झेंडूची फुलं वाहतात. एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवशीच्या आरतीपर्यंत त्यातलं काही उचलायचं नाही. माझ्या सासऱ्यांनी पाळलेला नेम, हेही पाळतात. मी माझी गोटी पूजेत ठेवायला नेली, तर म्हणाले, "खेळण्याची पूजा करतेत का कुठं?" मी ती उचलली आणि फणकाऱ्याने काउंटरवर आपटली.

दुपारी झेंडूने शिगोशीग भरलेला एक टेम्पो दारात येऊन बंद पडला. चालवणारे गृहस्थ ओळखीचे. ह्यांना ते उस्ताद म्हणतात, मला भाभी. दसऱ्यासाठीच दरवर्षी झेंडू लावतात. जालन्यात मस्तगडच्या बाजारात त्यांचा भाऊ विक्रीसाठी सकाळपासून जागा धरून बसला होता.

"डिझेल संपलं होतं उस्ताद. आणून टाकलं, तरी चालूच न्हाई होऊन राह्यली."

डिझेल पार संपलं की इंजिनच्या नळीत हवा शिरते. फिल्टरवरचा एक लहानसा बोल्ट सैल करायचा, हातपंप दाबून हवा काढायची आणि डिझेलची धार आली की बोल्ट आवळायचा. काम एवढंच. पण कुणीतरी पकडीने पिरगाळून त्या बोल्टाचे कोपरे खाल्लेले होते. त्या गृहस्थांचा स्वतःचा पाना त्यावर नुसता गरगर फिरत होता, आणि आमचे पाने हळदकुंकू लावून बसले होते. रस्त्यावरच्या बाकी गॅरेजांतही तीच पूजा.

हे बाकाकडे पाहायचे, टेम्पोकडे पाहायचे. तोंड पार उतरलं होतं. ते गृहस्थच म्हणाले, "नको उस्ताद, पूजेचं हाय. हात नका लावू. देखेंगे कुछ." पण बोलता बोलता ते फुलांवर पाणी शिंपडत होते. दसरा सरला की त्या फुलांना कुत्रं विचारत नाही, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

"अहो," मी म्हटलं, "माझी गोटी पूजेत नाही. खेळणं आहे ना ते?"

ह्यांनी काउंटरवरच्या गोटीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "गोटी फिरवायचा दांडा पूजेत हाय."

गोटीबरोबर ड्रिलला लावायची एक सहाकोनी कांडी आली होती. ती मी गोटीत बसवली आणि दांडा म्हणून स्वयंपाकघरातून सांडशी आणून कांडीला धरली. बोल्टावर गोटी दाबली, फिरवली. सटकली. पुन्हा सगळा भार टाकून दाबली, आणि या वेळी काड्यांनी त्या खाल्लेल्या बोल्टाला कसं धरलं ते माझ्या तळहाताला कळलं. बोल्ट हलला.

"हात तं पूजेत न्हाईत ना तुमचे?" माझ्याही तोंडून त्यांचीच बोली निघाली. हे पुढे आले आणि हातपंप दाबू लागले. आधी फेस आला, मग डिझेलची सलग धार. मी बोल्ट आवळला. टेम्पो सुरू झाला. त्या गृहस्थांनी दोनदा ओंजळ भरून झेंडू माझ्या काउंटरवर ओतला आणि गाडी दामटली. मला रडूच आलं.

आता गिऱ्हाईक विचारतं, "ही घ्यावी का?" मी सांगते, आधी साध्या गोट्यांचा सेट घ्या, मग हौस उरली तर ही. हे आतून ऐकत असतात, पण खेळणं म्हणत नाहीत.

यंदाच्या खंडेनवमीला मी न विचारता गोटी धुतली आणि मोठ्या पान्याशेजारी कापडावर ऐटीत मांडली. ह्यांनी ती उचलून बाजूला काढली. माझा पारा चढला. "अजूनही खेळणंच का?"

"अगं, पूजेत ठेवली अन् आज कुणाची गाडी अडली, तं मंग?" त्यांनी ती फडक्याने पुसली, माझ्या काउंटरवर ठेवली आणि हात पुढे केला. "सांडशी आन."