गौरीच्या पदरावरच्या पट्ट्या

बायको जाऊन आठ महिने झाले. एक गोष्ट तिच्या बाजूने लिहून ठेवायची राहिली आहे.

मी चौथी शिकलेला शिंपी. बासष्टच्या लढाईनंतर यशवंतपूरच्या पुढे माळावर रडारचं काम चालायचं. तिथे मला घेतलं ते कात्रीवरच्या हातासाठी. सिगारेटच्या पाकिटात असतो तसला चंदेरी पातळ पत्रा, त्याच्या पट्ट्या कापायच्या. सगळ्या एका मापाच्या. केसभर चुकली की साहेब फेकून द्यायचा.

पट्ट्या कशाला, ते एकदाच पाहिलं. रडारच्या काचेवर विमान म्हणजे एक ठिपका. विमानाने वरून पट्ट्या सोडल्या आणि काच पांढरीफटक झाली. त्यात विमान कुठलं, कळेना.

साहेब म्हणाला, "शत्रूने हेच केलं तर आपल्या तोफा आंधळ्या. म्हणून आधी आपण करून बघायचं. बायकोलासुद्धा बोलायचं नाही."

त्या भाद्रपदात वाऱ्याने पट्ट्या लांबवर उडाल्या. एकही बाहेर राहता कामा नये, असा हुकूम. सकाळभर झुडपांतून वेचल्या आणि दुपारी भाकरी खायला घरी आलो.

घरात गौरी बसलेल्या, हळदीकुंकवाला बायका जमलेल्या. ही सकाळी आघाडा आणायला माळाकडे गेली होती. तिथे सापडलेल्या पट्ट्या हिने गौरीच्या पदराला जरीच्या काठासारख्या टाचल्या होत्या. जरीची साडी आम्हाला कुठली परवडायला!

शेजारीण कानडी वळणाने म्हणत होती, "अक्का, यजमानांनी काठ आणला वाटतं? आम्हालापण स्वल्प द्या की!"

"ते कसले आणतायत!" ही हसली. "गौरीनेच वाटेत टाकला माझ्यासाठी."

मी चपला न काढता आत गेलो आणि पट्ट्या ओरबाडल्या. पदर फाटला, मुखवटा कलंडला. बायका हिच्याकडे बघू लागल्या.

"अहो, झालं काय ते तरी सांगा."

"तुला काय करायचंय?" म्हणालो आणि पट्ट्या मुठीत धरून निघून गेलो.

तो पदर हिने स्वतः शिवला. शिंप्याची बायको असून मला हात लावू दिला नाही. त्यानंतर आमच्या गौरीला फक्त फुलं. माझ्या कामाचं हिने कधी विचारलं नाही. साहेब गेला, ते काम कधीच बंद झालं, तरी मी तोंड उघडलं नाही.

गेल्या वर्षी अंथरुणावरून तिनेच विचारलं, "त्या दिवशी मी कुणाचं काही चोरलं होतं का हो?"

इतकी वर्षं ही बाई स्वतःला चोर समजत होती. मग मी सगळं सांगितलं. रडार, काच, हुकूम. तिने डोळे मिटून ऐकलं.

"असू दे तुमचं गुपित," ती म्हणाली. "पण 'हिची चूक नाही' एवढं त्या बायकांपुढे म्हणायला काय हरकत होती?"

हरकत काहीच नव्हती. आता त्यांतली एकही बाई उरलेली नाही. म्हणून इथे लिहितो. तिची चूक नव्हती.